‘रोबुर’, सागवान आणि बांबू : शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा अर्थ असतो काय?

१/ ‘रोबस्ट’ हा शब्द ओकवृक्षाच्या लॅटिन नावावरून आला, म्हणून बळ म्हणजे कठीण लाकूड आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे बळ म्हणजे सागवान, असा युक्तिवाद आपल्याकडे अभिमानाने केला जातो. त्यातील पहिले विधान खरे आहे. पुढची दोन त्यातून निघत नाहीत. का, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ लॅटिन शब्द आहे ‘रोबुर’. त्याचे अर्थ अनेक : ओक, कोणतेही कठीण लाकूड, सामर्थ्य, सैन्यातील निवडक तुकडी. रोमच्या तुरुंगातील तळकोठडीलाही ‘रोबुर’ म्हणत. एकाच शब्दात बळही आहे आणि बंदिवासही, हे ध्यानात ठेवावे.

३/ त्याचे जुने रूप ‘रोबुस’. अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध ‘तांबडा’ या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृत ‘रुधिर’ व ‘रोहित’ त्याच कुळातले. खोडाचा आतला गाभा तांबूस आणि टणक असतो, म्हणून रंगावरून लाकूड व लाकडावरून बळ, असा हा प्रवास.

४/ आता ‘मूळ अर्थ हाच खरा अर्थ’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. तुमचा नियम मान्य केला, तर ‘रोबस्ट अर्थव्यवस्था’ म्हणजे तांबडी अर्थव्यवस्था म्हणायची काय? व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. त्याचे पुढचे आयुष्य ती ठरवीत नाही.

५/ ‘म्हणजे रोमनांनी हे आपल्याकडूनच घेतले!’ असे म्हणण्याचीही घाई नको. सगोत्र असणे वेगळे आणि उसने घेणे वेगळे. संस्कृतात हीच कल्पना ‘सार’ या स्वतंत्र शब्दात आढळते. अमरकोशात ‘सार’चे अर्थ बळ आणि स्थिर अंश असे दिले आहेत. खैराच्या तांबड्या गाभ्यापासून होणारा कात म्हणजे ‘खदिरसार’. झाड तोडणाऱ्या कोणत्याही समाजाला गाभ्याचे बळ हाताला जाणवते. त्यासाठी कुणाचे ऋण लागत नाही.

६/ शब्दांचे अर्थ प्रत्यक्षात कोण ठरवतो? आपल्या जिल्ह्यांत तो बराच काळ वनखात्याने ठरवला. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगल राखीव केले. रेल्वेच्या स्लीपरांना आणि बांधकामाला लागणारे इमारती लाकूड म्हणजे जंगलाचे मोल, ही दृष्टी त्यातून रुजली. मोहफूल, चारोळी, हिरडा, तेंदूपत्ता हे सारे ठरले ‘गौण’ वनउपज. ज्यावर माणसे वर्ष काढतात, ते गौण!

७/ आणि बांबू? वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवताच्या कुळातला. १९२७ च्या कायद्याने मात्र ‘वृक्ष’ या व्याख्येत त्याचा समावेश केला. एका व्याख्येने गवताचे झाड झाले आणि बुरुडाच्या हातातली काठी सरकारी मालमत्ता ठरू शकली.

८/ २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनउपजात घातले व त्यावर ग्रामस्थांचा मालकी हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याकरिता ग्रामसभेला झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती आले.

९/ १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. नव्वद वर्षे! या काळात बांबूचे एक पेरही बदलले नव्हते. बदलला तो फक्त शब्द, आणि तो बदलण्यासाठी माणसांना लढावे लागले.

१०/ कुणी म्हणेल, सागवानाचा अभिमान बाळगू नये काय? अवश्य बाळगावा. आलापल्लीचा साग उत्तमच आहे. २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले, तेव्हा मलाही आनंद झाला. आक्षेप आहे तो सागवानालाच जिल्ह्याचे बळ मानण्यावर. ती मोजपट्टी आपली नव्हे. ती लाकूड मोजून नेणाऱ्यांची आहे.

११/ म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी कुणी शब्दाचे मूळ सांगून वर्तमानाचा निकाल देऊ लागला, तर त्याला विचारा : हा अर्थ कुणी ठरवला, केव्हा आणि कुणाच्या सोयीसाठी? रोमनांनी बळ ओकच्या गाभ्यात पाहिले. मेंढ्याने ते ग्रामसभेत बसून, पोकळ बांबूवरचा आपला हक्क मिळवून दाखवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाचावे.