सुजलेला चेहरा आणि गोरेपणाचे क्रीम

सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली की भोसरीचा कामगार रात्रपाळीला दोष देतो. संध्याकाळी पाय सुजले तर दिवसभर मशीनपुढे उभे राहण्याला. अशा रुग्णाची मी आधी लघवी तपासतो. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिने जातात. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये ती साडेतीन ग्रॅमच्याही वर जातात, लघवी फेसाळते, अंग सुजते.

लहान मुलांत हा विकार बहुधा सौम्य प्रकारचा असतो नि स्टिरॉइडने उतरतो (पुन्हा उलटतोही). मोठ्यांत प्रकार अनेक, म्हणून सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो.

पण त्याआधी डॉक्टरांनी एक बिनखर्चाचा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे: 'तोंडाला काय लावता?' अकोल्यात एकाच घरातील आई व दोन मुलींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्यांच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. हे २०२३ मध्ये उघडकीस आले. केरळात मलप्पुरम भागातही २०२१ ते २०२३ दरम्यान असे रुग्ण सापडले. त्यांचा विकार 'मेम्ब्रेनस' प्रकारचा होता आणि क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा ओसरला. पारा त्वचेतून रक्तात शिरतो. काही देशी औषधांतूनही पोटात जातो.

बायका हे नवऱ्यादेखत सांगत नाहीत, आणि तरुण मुले तर त्याहून लाजतात. तेव्हा सूज आली असेल तर घरातली ती बिनपत्त्याची डबी व औषधाच्या पुड्या दवाखान्यात येताना बरोबर आणा.