मनगट जन्माने घडत नाही

कात्रजच्या आपल्या शाळेच्या मैदानावर गेल्या हिवाळ्यात आंतरशालेय क्रिकेट सामने झाले. वसतिगृहातील नववीच्या एका डावखुऱ्या मुलाने त्यात पाच गडी बाद केले. सामना संपल्यावर एक सन्माननीय पाहुणे कौतुकाने मला म्हणाले, ''सर, तुमच्या मुलांच्या मनगटात हे उपजतच असते. शिकवावे लागत नाही.'' त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, तरीही ते वाक्य मला सलत राहिले. तो मुलगा दोन वर्षे रोज पहाटे भोजनगृहामागे उभ्या केलेल्या एका विटेवर चेंडू टाकत असे, हे मी पाहिले होते. 'उपजत' या एका शब्दाने त्याचे सारे श्रम पुसले गेले.

याच पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी असेच श्रम करणारा एक माणूस होऊन गेला. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीस लागले. रूळ फिरवणे, खेळपट्टी आखणे, सरावाची जाळी लावणे ही त्यांची कामे होती. पुढे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देऊ, असे त्यांनी बाळूंना सांगितले होते. वर्षानुवर्षे, तासन्‌तास बाळू गोलंदाजी करीत राहिले. सरावात फलंदाजी करण्याची संधी मात्र त्यांना कोणी दिली नाही. त्यांची मंदगती डावखुरी फिरकी घडली ती या जाळ्यात, रक्तात नव्हे.

हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे, तर मनगट नेमके काय करते हे आधी शिक्षकाला माहीत हवे. फिरकी गोलंदाज पहिली दोन बोटे शिवणीवर आडवी आणि किंचित फाकवून ठेवतो. चेंडू सोडताना दाराची मूठ फिरवावी तसा हात फिरतो आणि तर्जनीचे पेर शिवणीला शेवटचा पीळ देते. बोटे व मनगट एकाच क्षणी फिरले नाहीत, तर चेंडू नुसताच पडतो, वळत नाही. वेगवान गोलंदाजाचे मनगट चेंडूच्या मागे ताठ राहावे लागते. ते एका बाजूला कलले की शिवण डुगडुगते आणि चेंडूची हालचाल गोलंदाजाच्या ताब्यात राहत नाही. चेंडू हातातून लवकर सुटला तर फुलटॉस पडतो, उशिरा सुटला तर आखूड पडतो. म्हणजे टप्पा ठरतो तो मुख्यतः हातातून चेंडू सुटण्याच्या क्षणी. जोराचा भाग त्यात थोडाच.

यासाठी महागडी अकादमी लागत नाही. टेनिसच्या चेंडूभोवती मधोमध पांढरी चिकटपट्टी लावावी. दोन मुलांना सात-आठ पावलांवर समोरासमोर उभे करावे आणि धाव न घेता, केवळ मनगटाने चेंडू टाकायला सांगावे. पट्टी सरळ रेषेत फिरते की वेडीवाकडी, हे समोरच्या मुलाला दिसते आणि तोच शिक्षक होतो. त्यानंतर एका गुडघ्यावर बसून, मग उभे राहून आणि शेवटी धाव घेऊन चेंडू टाकावा. वाढत्या वयातील खांदा व पाठ जपण्यासाठी चेंडूंची संख्या मोजावी आणि विश्रांतीचा दिवस पाळावा. आपण गणिताच्या पायऱ्या फळ्यावर मांडतो, त्याच शिस्तीने या पायऱ्या मैदानावर मांडल्या पाहिजेत. ज्याची पायरी सांगता येते, ते शिकवता येते. जे शिकवता येते, त्यावर कोणत्याही जातीची मालकी राहत नाही.

तथापि मनगट घडवणे पुरेसे नाही, असेही बाळूंचा इतिहास सांगतो. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. आपल्या कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईत नळाने शनिवारवाड्यापर्यंत गेले, पण शहरातील पाणवठे अस्पृश्यांना बंदच राहिले. म्हणून तर १८६८ साली जोतीरावांना आपल्या घरचा हौद खुला करावा लागला. चेंडू सर्वांचा आणि पाणी वेगळे, ही त्याच शहराची रीत होती.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले आणि त्या वर्षी संघ विजयी झाला. बाळूंच्या बोटांवर समाजाने विश्वास ठेवला, बुद्धीवर ठेवला नाही. 'उपजत' या शब्दाचा खरा अर्थ येथे उलगडतो. कौशल्य उपजत मानले की ते विचारातून आले आहे हे मान्य करावे लागत नाही, आणि विचार मान्य केला नाही की नेतृत्व देण्याचा प्रश्नच उरत नाही.

आपल्यातील काही ज्येष्ठांना बाळूंचे नाव या स्मरणिकेत खटकेल, याची मला जाणीव आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभूत झाले. त्यांची ती भूमिका मला मान्य नाही. परंतु एका निवडणुकीसाठी अनेक वर्षांचे श्रम इतिहासातून वगळणे हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारे नाही. आपल्या माणसांना विसरण्याचे काम इतरांनी पुरेसे केले आहे. त्यात आपण भर घालू नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना माझी विनंती आहे. शाळेला चषक आणि गणवेश देता, त्याबरोबर मैदानासाठी महिन्यातील एक रविवार द्या. जे खेळले आहेत त्यांनी मुलांना चेंडू धरण्यापासून शिकवावे. प्रत्येक गोलंदाजाच्या हाती रोज बॅटही द्यावी आणि संघाची आखणी करण्याची जबाबदारी आळीपाळीने प्रत्येकावर सोपवावी.

त्या डावखुऱ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी विचारले, ''तुझा चेंडू वळतो कसा?'' तो क्षणभर थांबला. मग तर्जनी शिवणीवर ठेवून, मनगट फिरवून त्याने मला एकेक पायरी समजावून सांगितली. पाहुण्यांनी हा प्रश्न मला न विचारता त्याला विचारला असता, तर त्यांनाही हेच उत्तर मिळाले असते.