हात आधी चालू द्या

निवृत्त झालेल्या किंवा मुले मार्गी लागलेल्या रुग्णांना मी औषधाबरोबर एक सल्ला हमखास देतो. चित्रकला शिका, पेटी शिका, मातीकाम करा. काहीतरी नवे शिका. उत्तर बहुधा ठरलेले असते. "डॉक्टरसाहेब, आमच्या हातात कला नाही. आणि या वयात लोक हसतील!" यातले पहिले वाक्य निमित्त असते, खरे दुखणे दुसऱ्यात असते.

हे दुखणे शरीरातही उमटते. कोणी बघते आहे या भीतीने अॅड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, बोटे थरथरतात. रेघ वाकडी येते आणि आपण म्हणतो, "बघा, जमत नाही!" (निवांत बसले असताना किंवा चहाचा कप धरतानाही हात नेहमी थरथरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.)

शिकताना डोळा लवकर तयार होतो, हात मागाहून येतो. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी आपलेच चित्र आपल्याला पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागते. पुष्कळ जण इथेच वही मिटतात. वास्तविक चुका दिसू लागणे ही प्रगतीची खूण आहे. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे. शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करीत असतो.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कागद, रंग, माती देऊन हवे ते करू दिले. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झाले. सरावलेले आणि नवखे यांच्यात फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे. त्यावर विसंबून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. पण "आम्हाला येत नाही" ही सबब यापुढे चालणार नाही.

आपल्या खानदेशाला तर हे परक्याने सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करता करता त्या ओव्या रचीत. घरच्यांनी त्या उतरून ठेवल्या. पुस्तक निघाले ते त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली. लोकांच्या पसंतीची वाट पाहून त्या गप्प राहिल्या असत्या, तर पुस्तकात छापायला काय उरले असते? आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांचा जन्म १९२५ साली साध्या सुतार कुटुंबात झाला. जोशी गुरुजींनी त्यांच्यातला गुण हेरला, पाठबळ दिले आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची वाट दाखवली. पुढे २०१८ मध्ये उभ्या राहिलेल्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे ते शिल्पकार झाले. वेळेवर मिळालेला एक शब्द किती काम करतो!

म्हणून घरातल्या मंडळींना माझी विनंती आहे. आजी-आजोबा किंवा आई रंगाची पेटी घेऊन बसली, तर "हे काय नवीन खूळ?" म्हणू नका. उदास, एकट्या पडलेल्या माणसाच्या हातातली ती वही तुमच्या एका हसण्याने कायमची बंद होऊ शकते.

आणि शिकणाऱ्यांनो, शंका आधी जाईल आणि मग हात चालेल, असे होत नाही. हात चालू लागला की शंका हळूहळू मागे पडते. एक साधी वही आणा. रोज एक पान काढा, त्यावर तारीख घाला आणि तीस दिवस ते कोणाला दाखवू नका. एकतिसाव्या दिवशी पहिले आणि शेवटचे पान शेजारी शेजारी ठेवून पाहा.