थायदेने नेने : नकारापासून संमतीपर्यंतची पन्नास वर्षे

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात ग्रेट स्लेव्ह नावाचे विशाल सरोवर आहे. त्याची खोली ६१४ मीटर असून उत्तर अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. त्याच्या पूर्वेकडील फाट्यावर लुत्सेल के हे देने आदिवासींचे गाव वसले आहे. लोकवस्ती जेमतेम काही शेकड्यांची, आणि गावापर्यंत रस्ता नाही. या लहानशा गावाने कॅनडाच्या सरकारला सुमारे अर्धशतक ताटकळत ठेवले.

१९७० च्या सुमारास सरकारने या परिसरात राष्ट्रीय उद्यान उभारण्याचा प्रस्ताव आणला. त्या वेळचे गावप्रमुख पिएर काथोलिक यांनी त्याला ठाम नकार दिला. (होय, काथोलिक हे आडनावच आहे, मिशनकाळाची खूण त्यात सहज दिसते.) उद्यान झाले की शिकार व मासेमारीवर बंदी येईल, ही भीती होती. ती अनाठायी म्हणता येणार नाही. त्याच भागातील वूड बफेलो राष्ट्रीय उद्यान १९२२ साली स्थापन झाले, तेव्हा देने कुटुंबांना आपल्या पूर्वजांच्या भूमीतून हुसकावण्यात आले होते. निसर्गाचे रक्षण करावयाचे, पण तो ज्यांनी आजवर राखला त्यांनाच बाहेर काढून, असा हा अजब न्याय होता.

१९९१ मध्ये या प्रदेशात हिरे सापडले आणि चित्र पालटले. १९९८ मध्ये एकाटी, २००३ मध्ये डायविक, २०१६ मध्ये गाचो कुए अशा खाणी सुरू झाल्या. गाचो कुएसाठी केनडी सरोवराचा काही भाग उपसून कोरडा करण्यात आला. त्या सरोवराचे पाणी लॉकहार्ट नदीतून ग्रेट स्लेव्हला मिळते, आणि याच नदीवरील धबधबा देने लोकांचे पवित्र स्थान आहे. धबधब्यातील वृद्ध मातेकडे आरोग्य मागण्यासाठी ते आजही यात्रेला जातात. ही खाण आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, व्यापाराचा मोठा भाग मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून चालतो. आपल्याकडील एखाद्या अंगठीतील खडा त्या पाणलोटातूनही आलेला असू शकेल.

खाणींचा वेढा पडू लागताच ज्या गावाने उद्यान नाकारले होते, त्यानेच संरक्षणाची बोलणी पुन्हा सुरू केली. मात्र या वेळी स्वतःच्या अटींवर. २१ ऑगस्ट २०१९ रोजी करार झाला. सुमारे २६,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश 'थायदेने नेने', म्हणजे पूर्वजांची भूमी, या नावाने संरक्षित झाला. गोव्यासारखी सात राज्ये त्यात मावतील. देने लोकांचे शिकारीचे व मासेमारीचे हक्क कायम राहिले, कारभार शासन व आदिवासी यांनी मिळून चालवावयाचा ठरला, आणि खर्चासाठी ३ कोटी डॉलरचा न्यास निर्माण झाला. त्यातील निम्मी रक्कम देणगीदारांकडून उभी राहिली. लुत्सेल केला २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही लाभला.

करार कागदावर असतो, राखण माणसे करतात. २००८ पासून गावातील 'नी हातनी देने', म्हणजे भूमीवर नजर ठेवणारे, हे काम करीत आहेत. तरुण मंडळी ज्येष्ठांसोबत होड्यांतून फेऱ्या घालतात, पाण्याचे नमुने घेतात, माशांची पाहणी करतात, पाहुण्यांना वाट दाखवतात. या कामाला पगार आहे, आणि माझ्या मते हाच त्यातील सर्वांत दूरदृष्टीचा भाग होय. एरवी उत्तरेकडील तरुणाला रोजगार म्हणजे खाण किंवा शहर, एवढेच पर्याय उरतात.

ज्येष्ठांकडून तरुणांकडे जाणारा हा धागा एकदा तोडण्यात आला होता, आणि तो तोडण्यात आपल्या ख्रिस्तसभेचाही हात होता, हे कॅथलिक वाचकाने विसरू नये. ग्रेट स्लेव्हच्या तीरावरील फोर्ट रिझोल्यूशन येथे धर्मभगिनी निवासी शाळा चालवीत. अशा शाळांतून मुलांची भाषा, घर आणि जंगल तुटले. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन आदिवासींची क्षमा मागितली. त्यापूर्वी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात (परिच्छेद १४६) त्यांनी लिहिले होते, की आदिवासींसाठी भूमी ही विक्रेय वस्तू नसून देवाची व पूर्वजांची देणगी आहे. त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा संवादात त्यांना प्रमुख स्थान हवे. लुत्सेल केने हे स्थान कोणाच्या कृपेने नव्हे, तर नकार देण्याच्या धैर्याने मिळवले.

अर्थात सीमारेषा आखल्याने सारे सुरक्षित झाले असे नाही. या लोकांचे जीवन ज्यावर उभे आहे त्या कॅरिबू हरणांच्या बाथर्स्ट कळपात १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० प्राणी होते. २०१८ मध्ये ८,२०० आणि २०२१ मध्ये ६,२४० च्या आसपास उरले. हे कळप दरवर्षी शेकडो किलोमीटर स्थलांतर करतात. त्यांच्या वाटेवर खाणी व रस्ते आहेत, आणि हवामानही बदलले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये वायव्य प्रदेशातील आदिवासी शासनांनी केंद्र, प्रदेश शासन व खासगी देणगीदारांशी ३७.५ कोटी डॉलरचा मोठा करार केला. पैसा दहा वर्षांत यावयाचा आहे. त्यातून आणखी गावांत असे राखणदार उभे राहतील. कॅरिबूंच्या वाटेवरील खाणी व रस्ते यांविषयी मात्र निर्णय अजून व्हावयाचे आहेत.