कुत्रा तिथेच बसलाय!

फ्रीलान्सर असाल तर 'छान झालंय, पण थोडे चेंजेस...' हा मेल तुम्हालाही आलाच असेल. गेल्या आठवड्यात मला आला. विषय होता एका देवीची जत्रा. क्लायंटचं म्हणणं, फुगेवाला काढा, रांगेत भांडणाऱ्या काकू काढा, सात्त्विक वाटत नाही! वैतागले आणि मला पाओलो व्हेरोनेझे आठवला.

साल १५७३, व्हेनिस. सांती जोव्हान्नी ए पाओलोच्या मठातल्या भोजनगृहात तिशियनचं 'लास्ट सपर' होतं. ते १५७१च्या आगीत जळालं, म्हणून नवं चित्र व्हेरोनेझेकडे आलं. पठ्ठ्याने जवळपास १३ मीटर लांबीचा कॅनव्हास रंगवला. मधोमध येशू आणि भोवती चक्क व्हेनिसमधली हाय-प्रोफाइल पार्टी! हातावर पोपट घेतलेला विदूषक, नाकातून रक्त येणारा नोकर, जर्मन वेशातले शिपाई, दात कोरणारा पाहुणा आणि अगदी पुढ्यात एक कुत्रा.

१८ जुलैला इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मन्यायालयाचं, बोलावणं आलं. धार्मिक चित्रांत अशोभनीय काही नको, असं ट्रेंटच्या परिषदेने १५६३मध्येच बजावलं होतं. त्यात प्रोटेस्टंट जर्मनीत चित्रांतून चर्चची टर उडवली जायची. मग जर्मन शिपाई खटकणारच ना!

या चौकशीची नोंद आजही वाचायला मिळते आणि ती भन्नाट आहे. विदूषक कशाला? शोभेला. एवढी माणसं? कॅनव्हास मोठा होता, जागा उरली. कवी आणि वेडे घेतात ती सूट चित्रकारही घेतात, असंही साहेबांनी ऐकवलं. कुत्र्याच्या जागी मेरी मॅग्डालेन काढायचा निरोप आधीच आला होता. पण ती तिथे शोभेल असं त्याला वाटलं नाही. पोपच्या चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोच्या नग्न आकृत्या चालतात, मग हे का नाही? उत्तर आलं, अंतिम निवाड्याच्या दिवशी कपडे नसतातच मुळी! (आता बोला.)

निकाल लागला : तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र सुधारा.

कॉलेजात असताना मला ही 'बंडखोर कलावंत विरुद्ध चर्च' अशी फिल्मी स्टोरी वाटायची. पण भिंत मठाची, विषय बायबलचा आणि गंमत म्हणजे सुटकाही बायबलमधूनच झाली. लूकच्या पाचव्या अध्यायात लेवी नावाचा जकातदार येशूला मोठी मेजवानी देतो. तिथे नाही नाही ते लोक जेवायला असतात आणि धर्माचे जाणकार कुरकुरतात, असल्यांच्या पंगतीला का बसता? व्हेरोनेझेने चित्रातल्या कठड्यावर लेवीच्या मेजवानीचा लॅटिन मजकूर आणि लूकचा हवाला रंगवला. 'लास्ट सपर'चं झालं 'लेवीच्या घरची मेजवानी'. बाकी चित्र जवळजवळ तसंच राहिलं. आज ते व्हेनिसच्या अकादेमिया गॅलरीत आहे. कुत्रा तिथेच बसलाय.

मग मीही क्लायंटला मेल टाकला : फुगेवाला आणि काकू राहू देत, हेडिंग बदलते. 'देवीचं दर्शन'ऐवजी 'जत्रेतली एक दुपार' चालेल?

चार दिवस झाले, रिप्लाय नाही.