साईड देण्यात कमीपणा कसला?

ताप हटत नसेल तर आम्ही डॉक्टर मंडळी रुग्णाच्या घरच्यांना तापाचा तक्ता ठेवायला सांगतो. ताप किती आहे याइतकेच तो कसा चढतो आणि कसा उतरतो यालाही महत्त्व असते. त्यावरून रोगाचा माग लागतो. आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांच्या वेगाचा असाच तक्ता काढला तर काय दिसेल? पुढची जीप तीसच्या वेगाने रेंगाळते, एकाएकी सत्तरवर जाते, पुन्हा चाळीसवर येते. रस्ता तोच, रहदारी तीच. मग वेग का बदलतो? माझ्या मते हे रोगाचे लक्षण आहे, आणि त्याकडे आपण साफ दुर्लक्ष करतो.

या लक्षणामागचे पहिले कारण म्हणजे लक्ष नसणे. मोबाईल कानाला लागला की चालकाचा पाय नकळत सैल पडतो आणि बोलणे संपले की राहिलेली वाट भरून काढण्याची घाई सुटते. मोटारसायकलवाले तर मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्या मध्ये फोन धरून चालतात!

दुसरे कारण झोप. लग्न आटोपून किंवा देवदर्शन करून रात्रीच परतायचा आपल्याकडे फार सोस. पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराच्या घड्याळाप्रमाणे गाढ झोपेची असते. चहा पिऊन किंवा तोंडावर पाणी मारून ती फार वेळ टळत नाही. दोन-चार सेकंदांची डुलकी लागली तर ती चालकाला स्वतःलाही कळत नाही. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा गोळी घेताना 'मला गाडी चालवायची आहे' असे डॉक्टरांना जरूर सांगावे. मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी गाडीवर बसू नये. साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, डोके चालेनासे होते. आणि साठीच्या पुढच्या मंडळींनी रात्री समोरचा दिवा डोळ्यांत फुटल्यासारखा वाटू लागला तर मोतीबिंदू तपासून घ्यावा.

वरच्या साऱ्या तक्रारींवर उपाय आहे. तिसऱ्या कारणावर मात्र माझ्या कपाटात औषध नाही. ते कारण म्हणजे अहंकार. आपण चाळीसने आरामात चाललेले असतो. मागून हॉर्न वाजतो, कोणी साईड मागतो आणि आपल्या अंगात वारे शिरते. 'हा कोण मला मागे टाकणार?' पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. एरवी दारात आलेल्या परक्याला पाणी विचारणारा सभ्य माणूस रस्त्यावर दोन हात जागा द्यायला तयार नसतो.

याचा परिणाम किती भयंकर होतो, त्याचे गणित साधे आहे. एक ट्रक ५० किलोमीटर वेगाने चालला आहे. मागची मोटार ७० च्या वेगाने त्याला ओव्हरटेक करू पाहते. सुरक्षित अंतरावरून बाहेर पडून, ट्रक ओलांडून, पुन्हा डाव्या बाजूला येण्यासाठी तिला ट्रकपेक्षा सुमारे ५० मीटर जास्त कापावे लागतात. त्याला ९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात मोटार १७५ मीटर पुढे गेलेली असते. समोरून येणारी एस.टी.सुद्धा ७० ने येत असेल तर तीही १७५ मीटर जवळ येते. म्हणजे समोर निदान ३५० मीटर मोकळा रस्ता हवा.

आता ट्रकवाल्याने मध्येच वेग ६० केला असे समजा. फरक फक्त दहाचा राहिला. ९ सेकंदांचे १८ झाले आणि ३५० मीटरचे ७००! ओव्हरटेक करणाऱ्याने मनाशी बांधलेला अंदाज पुरता कोसळला आणि तो मात्र अजून उजव्या बाजूलाच आहे. १९८९ सालच्या रस्ता वाहतूक नियमांतच, कोणी ओव्हरटेक करत असताना आपला वेग वाढवू नये, असे स्पष्ट सांगितले होते. पण लायसन्स काढल्यानंतर नियम पुन्हा कोण वाचतो?

समोरासमोर टक्कर झाली म्हणजे काय होते, ते दवाखान्यात आम्ही पाहतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ताकद चौपट होते. स्टिअरिंगवर छाती आदळून बरगड्या मोडतात, पोटात प्लीहा किंवा यकृत फाटते. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही, नातेवाईक म्हणतात 'फार लागलेले नाही', आणि इकडे नाडी बारीक होत चाललेली असते. मांडीचे हाड मोडले तर आतल्या आत लिटरभर रक्त वाहू शकते. तालुक्याच्या गावात आम्ही सलाईन लावून, हाडाला आधार बांधून रुग्णाला पुढे जिल्ह्याला पाठवतो. तो तेथे पोहोचेपर्यंतचा वेळच पुष्कळदा जीवन-मरण ठरवतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. महाराष्ट्रातली त्यांत १५ हजारांहून अधिक होती. दर दहांतल्या सुमारे सात मृत्यूंच्या नोंदीत कारण लिहिले आहे – अतिवेग.

'मग काय डॉक्टर, बैलगाडीसारखे चालवायचे?' असे कोणी विचारील. मुळीच नाही. फार हळू चालणेही धोक्याचे. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, हा अंधारात उभ्या भिंतीसारखाच असतो. ज्याला हळू जायचे आहे त्याने डावी कड धरावी, मागे चमकणारी पट्टी लावावी आणि मागून येणाऱ्याला वाट द्यावी. साखर कारखान्यांनी वजनकाट्यावरच हे तपासले तर किती घरे वाचतील!

बाकीच्यांनी एकच वेग धरून चालावे. वळणावर, चढावर, पुलावर ओव्हरटेक करू नये. कोणी आपल्याला ओव्हरटेक करू लागला की पाय थोडा सैल सोडावा आणि त्याला निघून जाऊ द्यावे. त्याची चूक असली तरीही! चूक त्याची असली, तरी समोरच्या एस.टी.त बसलेल्या शाळेच्या पोरांची नाही.

यात आपले किती जाते? तीस किलोमीटरच्या वाटेला ५० च्या वेगाने ३६ मिनिटे लागतात आणि ६० च्या वेगाने ३०. सहा मिनिटांचा फरक! तेवढा वेळ आपण स्टँडवर चहाचा कप हातात घेऊन सहज घालवतो. म्हणून वाचकहो, मागून हॉर्न वाजला की हात दाखवा आणि साईड द्या. त्यात कमीपणा कसला?