मानधन सुरू झालं, माईक कधी मिळणार?

नव्वदीतले कलावंत नवं गाणं करतात, तेव्हा त्यामागे काय असतं? आणि बीडच्या म्हाताऱ्या शाहिराला ते का मिळत नाही?

चक बेरी हे अमेरिकेत रॉक अँड रोलचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १८ ऑक्टोबर २०१६ ला त्यांना ९० वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी त्यांनी नवा अल्बम जाहीर केला. याआधीचा त्यांचा नवा अल्बम होता १९७९ चा. मार्च २०१७ मध्ये ते गेले आणि जूनमध्ये अल्बम आला. त्यात त्यांच्यासोबत त्यांची मुलंही वाजवत होती.

आपल्याकडे असं कुणी आहे का?

आहे, आणि तेही घरचंच. हिंदी सिनेमात रॉक अँड रोलचा ठेका घराघरांत नेणारं 'ईना मीना डीका' १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म पुणतांब्याचा, बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. हे गाणं दोघांनी वेगवेगळं गायलं: एकदा किशोर कुमार यांनी, एकदा आशा भोसले यांनी.

आशाताईंचा जन्म १९३३ चा, सांगली जिल्ह्यातला. १९९५ मध्ये, वयाच्या बासष्टीत, त्या ए. आर. रहमान यांच्या 'रंगीला'साठी गायल्या आणि कॉलेजातली पोरं त्या गाण्यांवर नाचली. २००५ मध्ये क्रोनोस क्वार्टेटसोबत केलेल्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. नव्वदी ओलांडल्यावर त्या 'गोरिलाझ' या ब्रिटिश बँडच्या 'द माउंटन' अल्बमसाठी गायल्या.

हे घडतं कशामुळे?

नुसत्या जिद्दीमुळे नाही. दर वेळी कुणीतरी त्यांच्याकडे नवं काम घेऊन गेलं. रहमान तेव्हा तिशीच्या आतले होते. 'तुमचं जुनं गाणं म्हणा' असं न म्हणता त्यांनी नवी चाल समोर ठेवली. सोबत स्टुडिओ होता, वादक होते, मोबदला होता आणि अल्बमवर नाव होतं. म्हातारा कलावंत परत येतो तो असा. त्याला कुणीतरी बोलावलेलं असतं.

बीडमध्ये काय दिसतं?

शाहीर, भारूडकार, गोंधळी, संबळवादक, तमाशाच्या फडात उभं आयुष्य घातलेली माणसं. जिल्ह्याला कलावंतांची वाण कधीच नव्हती. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देतं. २०२४ मध्ये ते सरसकट दरमहा ५,००० रुपये झालं आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. हे गरजेचंच होतं. औषधपाण्याला आधार होतो.

पण मानधन मागच्या कामाची पावती आहे. त्यासाठी जुनी प्रमाणपत्रं, जुनी कात्रणं दाखवावी लागतात. 'सध्या काय लिहिता?' हा रकाना कुठेच नाही. सत्कारातही तेच. शाल, श्रीफळ, फोटो, आणि फार तर एक जुना पोवाडा. दुष्काळावर, ऊसतोडीच्या उचलीवर, शहरात गेलेल्या पोरांवर नवं कवन वहीत लिहून ठेवलेलं असतं. ते ऐकायला मात्र कुणाला सवड नसते.

'आवाज राहिला नाही' असं म्हटलं जाईल. खरं आहे, वयानं आवाज थकतो. ज्यांना थांबायचंय त्यांना थांबू द्यावं. पण ज्यांना गायचंय त्यांचा थकलेला आवाजही सत्तर वर्षांचं पाहिलेलं सांगतो. विशीतल्या गायकाला ते सांगता येणार नाही.

मग काय करता येईल?

फार पैसा लागत नाही. बीडला आकाशवाणीचं केंद्र आहे. जुन्या कलावंताची महिन्याला एक नवी रचना, मोबदला देऊन, ध्वनिमुद्रित करता येईल. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात ज्येष्ठांच्या नव्या रचनांचं एक सत्र ठेवता येईल. मानधन समितीने यादीतल्या प्रत्येकाला एवढंच विचारावं: नवं काही आहे का?

आणि तुमच्या हातातला मोबाइल? गावातल्या म्हाताऱ्या गायकाचं गाणं त्यावर जरूर घ्या, पण आधी विचारून. व्हिडिओखाली गायकाचं नाव, गाव, रचना कुणाची आणि तारीख लिहा. कायद्यानं रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे हक्क वेगळे, तेही ५० वर्षं. व्हिडिओतून चार पैसे आले तर त्यात त्यांचा वाटा आहे. तो उपकार समजू नका.

चक बेरींना आपला शेवटचा अल्बम बाजारात आलेला पाहता आला नाही. तरी तो निघाला, कारण गाणं वेळेत ध्वनिमुद्रित झालं होतं. आपल्याकडच्या वह्या मात्र माणसाबरोबर जातात. पुढच्या सत्काराला शाल न्यालच, तर सोबत एक माईकही न्या.